कत्ताळ्याचा नार आणि अंबूआत्याची कवळी

॥ श्री ॥
नजरबाद, म्हैसूर
६ जून १९९४

तीर्थरूप अंबूआत्यास, कमलाक्षीचा सा. न. वि. वि.

तुमची कवळी गुंडेरावकाकांच्या हाती पोचली. दोन तुकडे, पुन्हा बरोबर मधूनच. दोन वर्षांत ही तिसरी खेप. आता जोडू नकोस, तोंडाला पदर लावून घरीच बसेन, असं तुम्ही लिहिलंत. ते मला मुळीच मान्य नाही. जोडून पाठवते आहे. फणस आणि खोबरं तेवढं दूर ठेवा.

बातमी अशी की दंतवैद्यकातल्या एम.डी.एस.च्या प्रबंधाला मी हाच विषय घेतलाय. कवळीच्या अ‍ॅक्रिलिकमध्ये झाडाचा नार, म्हणजे पानातला चिवट धागा, घालून ती बळकट करायची. आमचे मार्गदर्शक डॉ. हयग्रीव म्हणाले, लोक काचेचे धागे घालतात, तू हे काय काढलंस? मी म्हटलं, काचेचं टोक वर आलं तर जीभ सोलते, आणि आपल्याकडे बांधाबांधावर कत्ताळे उभं आहे. (शाळेच्या मराठी पुस्तकात त्याला घायपात म्हणायचे, आठवतं?) त्यांनी दसऱ्यापर्यंत मुदत दिली. तोवर गुण दिसला नाही तर ते देतील तो विषय.

आणि काल नार घातलेल्या अ‍ॅक्रिलिकच्या पहिल्या दहा पट्ट्या यंत्रावर मोडून पाहिल्या, तर साध्या पट्ट्यांच्याही आधी तुटल्या! तुटल्या जागी नार नुसता सटकून बाहेर आला, कापडातून सुई निघावी तसा. असो. मी सोडणार नाही.

माया आहे तशीच राहू द्या.
आपली,
कमलाक्षी

॥ श्री ॥
सोसले
१५ जून १९९४

चि. कमलाक्षीस अनेक आशीर्वाद.

दात पोचले, बसवले, आरशात पाहिलं. साठीची दिसत होते, पन्नाशीची दिसले. तेवढ्यावर समाधान.

तुझं पत्र शेजारच्या भागीरथीबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, दोरीची कवळी कोण घालणार? मी म्हटलं, तुम्ही सुम्मने, गप बसा, आमची पोरगी शिकलेली आहे.

पण शिकलेली असून एक गोष्ट विसरलीस. तू रंगाऱ्याची नात. तुझे आजोबा कोरं सूत कधी रंगाच्या हंड्यात टाकत नसत. झाडाच्या धाग्याला अंगचा मेणचटपणा असतो, तो रंगाला आत येऊ देत नाही. आधी खाराच्या पाण्यात उकळायचं, मग नदीत पाणी नितळ निघेपर्यंत खळबळायचं, आणि कडकडीत वाळवायचं. रंग धरत नाही तो धागा तुझं अ‍ॅक्रिलिक कसं धरेल? मी चौथी शिकलेली, चुकत असेन तर हस.

सोबत नाराची जुडी पाठवते. पानं मीच ठेचली, मीच धुतली. दसऱ्याआधी हात टेकलेस तर ही जुडी परत पाठव, मी तिचं दावं वळीन.

पत्र टाकत जा, तेवढीच सोबत.
तुझी,
अंबूआत्या

॥ श्री ॥
नजरबाद, म्हैसूर
३० ऑगस्ट १९९४

तीर्थरूप अंबूआत्यास, कमलाक्षीचा सा. न. वि. वि.

हसले नाही, सरांना तुमचं पत्र दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, हे पुस्तकातही आहे, फक्त आपण तिथे पाहिलं नाही.

पण सरळ कुठे जमतंय! पहिल्या खेपेला खार म्हणून घातलेला कॉस्टिक सोडा जास्त पडला, नार गवताच्या काडीसारखा मोडायला लागला. दुसऱ्या खेपेला वाळवण्यात घाई झाली, अ‍ॅक्रिलिकमध्ये बुडबुडे आले. सर म्हणाले, आता विषय बदलतेस का? मी म्हटलं, दसरा ऑक्टोबरात आहे. तिसऱ्या खेपेला सोडा शंभराला पाच, नार थोडाच, आणि पट्टीच्या लांबीला धरून. साध्या पट्ट्या सात किलोला तुटल्या, या सव्वाआठला! आणि तुटल्यावरही दोन तुकडे नारांनी धरलेले राहिले, उडाले नाहीत. मी तिथेच टाळी वाजवली, यंत्रावरचे येसाजीराव दचकले.

एक खोट उरली आहे. महिनाभर पाण्यात ठेवल्यावर हे बळ उतरतं. कापल्या टोकातून नार पाणी पितो. सर म्हणाले, तेही प्रबंधात लिही, आणि पुढे चल. विषय कायम झाला.

तब्येतीचं कळवा.
आपली,
कमलाक्षी

॥ श्री ॥
सोसले
७ सप्टेंबर १९९४

चि. कमलाक्षीस अनेक आशीर्वाद.

जिंकलीस! आता पहिली कवळी माझी कर. पाणी पिते तर पिऊ दे.

आजवर कुणाला सांगितलं नाही ते सांगते. गेल्या माघात रघुनाथरावांच्या घरच्या लग्नात, पंगतीत, कवळी मोडली आणि एक कपचा घशात गेला. श्वास कोंडला. कुणीतरी पाठीत बुक्की घातली म्हणून वाचले. तेव्हापासून चारचौघांत जेवले नाही. नाचणीचे मऊ मुद्दे आणि सार, तेही दार लोटून. कवळी खाताना होडीसारखी डुलते, म्हणून खाली मऊ चिंधी ठेवते. तुझे तुकडे धरून राहतात ना? मग मला तेच हवं. माझं वय झालं, प्रयोग माझ्यावरच कर.

नाही म्हणू नकोस.
तुझी,
अंबूआत्या

॥ श्री ॥
नजरबाद, म्हैसूर
१२ सप्टेंबर १९९४

तीर्थरूप अंबूआत्यास, कमलाक्षीचा सा. न. वि. वि.

नाही म्हणते आहे. पट्टी मोडली तर मी दुसरी करते. तुमचा घसा मला दुसरा करता येणार नाही. वर्षभराच्या चाचण्या आणि कॉलेजच्या समितीची परवानगी यांच्याआधी नाराची कवळी कुणाच्याही तोंडात जाणार नाही. तुमच्या तर नाहीच.

पण तुमच्या पत्रातलं एक वाक्य वाचून मला माझीच लाज वाटली. कवळी डुलते! आत्या, तुमच्या हिरड्या झिजल्या आहेत. कवळी टाळूच्या मधल्या उंचवट्यावर टेकते, दोन्हीकडे डुलते आणि मधूनच मोडते. तिच्यात लोखंड घातलं असतं तरी हेच झालं असतं. तीनदा तुकडे जोडले, पण तुम्हाला एकदाही तोंड उघडायला सांगितलं नाही. नाराकडे पाहत राहिले, माणसाकडे पाहिलं नाही.

गुरुवारच्या बसने या. नवं माप घेते. साध्याच अ‍ॅक्रिलिकची, पण नीट बसणारी कवळी करते. मी स्टँडवर उभी असेन. आला नाहीत तर मी सोसल्याला येईन, आणि मापाचं सगळं सामान तुमच्या स्वयंपाकघरात मांडीन.

रागावलात तरी या.
आपली,
कमलाक्षी

॥ श्री ॥
सोसले
२० डिसेंबर १९९४

चि. कमलाक्षीस अनेक आशीर्वाद.

नव्या कवळीला अडीच महिने झाले. डुलत नाही. चिंधी चुलीत घातली.

काल भागीरथीबाईंच्या नातीचं बारसं होतं. त्यांनी पान मांडलं आणि माझ्याकडे पाहिलं. अय्यो, तो कपचा आठवला! पण बसले. पंगतीच्या मधोमध बसले. चकली खाल्ली, आणि मोडल्याचा आवाज झाला तो चकलीचाच. शेवटचं पान माझं उठलं.

मग बायकांना तुझ्या नाराचं सगळं सांगितलं. पाणी पितो तेही, वर्ष लागेल तेही. ती कवळी घालून पाहायला पाच जणींनी नावं दिली आहेत, सहावी मी. परवानगी मिळेल तेव्हा बोलाव. तोवर तुझ्या पट्ट्या खुशाल पाण्यात बुडवून ठेव आणि मोडत राहा. आम्ही थांबतो. तू थांबू नकोस.

तुझी,
अंबूआत्या