पितळेचा गट्टू

प्रिय अण्णा,

‘प्रिय’ हा शब्द सवयीनं पडला. पत्राची सुरुवात कशी करायची हे मी आठवीच्या पोरांना इतकी वर्षं शिकवतोय, की हाताला दुसरं काही येतच नाही. त्याचा फार अर्थ घेऊ नकोस. जिवंतपणी मी तुला ‘अहो अण्णा’ म्हणायचो, आज अरे-तुरे करतोय. राग आला तर ये सांगायला!

तू गेल्याचं मला निपाणीच्या स्टँडवर कळलं. साड्यांचा एक एजंट बोलता बोलता म्हणाला, वडगावचे ते तबकड्यावाले अण्णा गेले की. मी चहा संपवला आणि शाळेत गेलो. मातीला आलो नाही, दिवसांना आलो नाही. जिवंत माणसाशी बोलणं बंद होतं, मग मेल्यावर कसलं सुरू करायचं?

तरी आज लिहितोय, कारण गेल्या रविवारी वहिनींनी निरोप धाडून मला तुझ्या घरी बोलावून घेतलं आणि तुझा प्लेअर आणि गाण्यांच्या तबकड्यांची ट्रंक माझ्या गळ्यात मारली. त्यात जे सापडलं, त्याचा जाब तुला विचारल्याशिवाय मला स्वस्थता नाही.

पहिल्यापासून सांगतो. तुला सगळं माहीत आहे, पण तुझ्या सांगण्यात चूक कायम दुसऱ्याची असायची. आज माझी पाळी.

मी बेळगावात बी.एड. करत होतो आणि वडगावात तुमच्या गल्लीत खोली घेऊन राहत होतो. तू एके दिवशी दारात उभा. हातात सात इंची तबकडी, मधोमध रुपयापेक्षा मोठं भोक. कॅम्पातल्या भंगारवाल्याकडं मिळालेली. म्हणालास, इंग्रजी शिकतोस ना, मग ह्यावर काय लिहिलंय वाच. मी वाचलं: अमेरिकेतल्या कुठल्याशा गावचं नाव, चार पोरांची नावं, बाकी काही नाही. तू हरखलास. ती चार पोरं जगात कुणालाच ठाऊक नाहीत, ह्याचाच तुला आनंद!

मोठ्या नावांच्या तबकड्या तुला नकोच असत. एकच तबकडी काढून जी पोरं परत आपापल्या पेट्रोल पंपावर नाहीतर शेतावर गेली, तेवढीच तुझी. मला ते वेड वाटलं. मग मलाच ते लागलं. माझी आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत राबून मला शिकवत होती, आणि मी बेळगावात बसून गिटारीच्या कल्लोळातून शब्द वेचत होतो. तुला इंग्रजी येत नव्हतं. प्रत्येक गाण्याचे शब्द मी कान लावून उतरवायचे आणि मराठीत तुला सांगायचे. हे कधी कुणाला सांगितलंस का रे?

गोव्याची ती फेरी आठवते? किनाऱ्यावर हिप्पी लोक परतीच्या तिकिटासाठी अंगावरचं सोडून सगळं विकायला बसलेले. तिथं आपल्याला पिवळ्या लेबलाची ती तबकडी मिळाली. परत येताना गुंजीला गाडी थांबून राहिली आणि दारू शोधणाऱ्या शिपायानं आपली पिशवी उपसली. बाटली नाही, नुसत्या तबकड्या. तू त्या बापड्याला प्रत्येक तबकडीचं मोल समजावत बसलास, शेवटी तोच हात जोडून पुढच्या डब्यात गेला. मी इतका हसलो होतो! आज त्या हसण्याचाही राग येतो.

आता गट्टूकडं येतो. अमेरिकन तबकडीचं भोक मोठं, आपल्या प्लेअरचा खुंट बारीक. मध्ये बसवायला गट्टू लागतो. बेळगावात तो मिळेना. तुझ्या वडिलांचा हातमागावरचा जुना धोटा घरात होता, शिसवीचा, एका टोकाला चिरलेला. तू तो कापलास, कानशीनं गोल केलास, मध्ये छिद्र पाडलंस. गट्टू चपखल बसला. बापानं ज्या धोट्यानं शहापुरी साड्या विणल्या, त्याच धोट्यावर अमेरिका फिरणार, म्हणून तू गल्लीभर सांगत सुटलास.

खंडेनवमीला तू तो गट्टू नव्या धोट्यांच्या रांगेत मांडलास आणि त्याला हळदकुंकू वाहिलंस. मी चेष्टा केली. तू चिडला नाहीस. म्हणालास, “हत्यार हाय ते, मास्तर. ज्येनं डोकं चालतं त्येबी हत्यारच. पुजाय नगं?” आम्ही बाबासाहेबांची माणसं, पूजा करत नाही. पण ते वाक्य मला आवडलं होतं. वर्गात मी ते माझं म्हणून वापरलंही.

मग तुझं राज्य सुरू झालं. एरवी मागांच्या खडखडाटात माणसाचा शब्द माणसाला ऐकू यायचा नाही. अमावस्येला माग बंद. त्या दुपारी तुझ्या शेडात गल्लीतली मंडळी जमायची, तू गट्टू बसवायचास, तबकडी लावायचास आणि निकाल द्यायचास. “पोत बरा हाय, पर रंग पयल्या धुण्यात जाणार.” नाहीतर, “काठ झकास, पदरच न्हाय.” पुढं बेळगावच्या एका साप्ताहिकानं तुला सदर दिलं. लोक तारे देतात तशा तू पाचापैकी कांड्या द्यायचास, धोट्यात सुताची बसते ती कांडी. एक कांडी मिळालेलं गाणं तुझ्या शेडात पुन्हा वाजलं नाही. हम करे सो कायदा! आणि आम्ही माना डोलवायचो.

डोलवण्यावरूनच तर सगळं बिघडलं. तुला शोध लागला होता, की ह्या अनोळखी अमेरिकन पोरांच्या सुरात एक डोल आहे. सूर जरा वर जातो, जरा खाली येतो, पाळण्यासारखा. विलायती तबकड्यांत तो नाही, मुंबईच्या तबकड्यांत नाही, फक्त अमेरिकन तबकड्यांत आहे. का, तर त्या मोठ्या मोकळ्या देशात माणसं तशीच डुलत चालत असतील! तू हे छापून आणलंस. लोकांनी वाहवा केली. कांड्या तू त्या डोलावर द्यायला लागलास. पिवळ्या लेबलाला पाचही दिल्यास.

मी निपाणीला नोकरीला लागलो होतो, तरी अमावस्या चुकवत नव्हतो. एका अमावस्येला मला दिसलं. ऐकू आलं नाही, दिसलं. तबकडी फिरताना पिनेचा दांडा आत-बाहेर, आत-बाहेर हलत होता, प्रत्येक फेऱ्याला. गिटारीला डोल, ढोलाला डोल, मध्ये एक पोरगा नुसता बोलतो त्यालाही तोच डोल. अण्णा, डोल अमेरिकेत नव्हता. छिद्र गट्टूच्या मध्यात नव्हतं! विलायती तबकड्यांना गट्टू लागत नाही, म्हणून त्या सरळ वाजत होत्या. एवढी साधी गोष्ट.

मी ती सगळ्यांसमोर बोललो. हळू बोललो, पण बोललो. तू तबकडी थांबवलीस. माझ्याकडं पाहिलंससुद्धा नाहीस, मंडळींकडं पाहून म्हणालास, “निपाणीच्या वखारीतली धूळ बसल्या मास्तरच्या कानात. आईच्या पदराला धरून खाल्ल्याली धूळ. सूर कुठनं कळायचा?”

मंडळी हसली.

मी तुझ्या घरात जेवलो होतो रे. तुझ्या घरात माझा कप कधी वेगळा ठेवला गेला नाही, माझ्या पुढ्यातलं ताट वहिनी स्वतः उचलायच्या. दुसऱ्या कुणी बोललं असतं तर मी उलट दोन सुनावून विसरलो असतो. तू बोललास म्हणून लागलं. माझी आई त्या धुळीत खोकत मोठी झाली आणि खोकतच गेली, आणि तू तिला तुझ्या गट्टूची ढाल केलीस. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण तुझ्यासाठीच असावी. फक्त तुझ्या बाबतीत अंगण खरोखरच वाकडं होतं आणि ते वाकडं आहे असं म्हणणाऱ्यालाच तू हाकललंस.

पुढच्या आठवड्याच्या सदरात तू ‘काही धुळकट कानांचे श्रोते’ असं लिहिलंस. निपाणीत ते साप्ताहिक येतं, हे तुला ठाऊक होतं.

तरी मी मूर्ख. माझा मावसभाऊ उद्यमबागेत लेथवर आहे. त्याच्याकडून पितळेचा गट्टू करून घेतला. छिद्र बरोबर मध्यात. ऐन अमावस्येला वडगावला आलो. वाटलं, हातात दिला की तू घालून बघशील, एवढा तरी प्रामाणिक आहेस. आत पिवळं लेबल वाजत होतं, तुझा तो डोल घेऊन. वहिनी आत गेल्या आणि बाहेर येऊन खाली बघत म्हणाल्या, “ते कामात हाईत म्हणत्यात.” अमावस्येला, माग बंद असताना! मी गट्टू त्यांच्या हातात दिला आणि स्टँड गाठला. वाटेत एकदाही मागं वळून पाहिलं नाही, कारण वळलो असतो तर परत आलो असतो.

त्यानंतर तुझ्याकडून चकार शब्द नाही. मी तबकड्या ऐकणं सोडलं. माझ्या वाटणीच्या ज्या होत्या त्या विकून टाकल्या. कुठं गिटार ऐकू आली की मला सूर ऐकू यायचा नाही, ती मंडळी हसलेली ऐकू यायची. ज्यात माझा जीव होता ते एक सुख तू एका वाक्यात काढून घेतलंस, अण्णा. हे तुला कधी समजलं का?

थोड्याच दिवसांत तुझं सदर बंद पडलं. मला वाटलं, साप्ताहिकवाल्यांनी हाकललं असेल. पेढे वाटायचेच काय ते राहिले होते माझे!

आता रविवारचं. वहिनी थकल्यात. मला बघून आधी रागावल्या, मग रडल्या, मग चहा टाकला. ट्रंक पुढं सरकवून म्हणाल्या, “मास्तर, ह्ये तुमचं हाय. त्येनी चार डाव सांगून ठेवल्यालं, मास्तरबिगर कुणी हात लावायचा न्हाय.” मी म्हटलं, मग जिवंतपणी एकदा बोलवायचं की. त्या म्हणाल्या, “त्येंचा सोबाव तुम्हास्नी ठावं न्हाय व्हय?” सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

निपाणीला आणून प्लेअरचं झाकण उघडलं. खुंटावर पितळेचा गट्टू होता.

बाहेर काढून बघितला. कडेच्या खाचेत कुंकू. ताजं नव्हे. वाळून काळं पडलेलं, त्यावर पुन्हा हळद, त्यावर पुन्हा कुंकू. एका खंडेनवमीचं एवढं बसत नाही. वर्षानुवर्षं तू तो धोट्यांच्या रांगेत मांडत होतास. तुझा लाकडी गट्टू ट्रंकेच्या तळाला फडक्यात गुंडाळलेला होता. म्हणजे तू माझा गट्टू घालून बघितलास. पहिल्याच दिवशी बघितला असणार, तुला दम कुठला! डोल गेलेला तू ऐकलास. म्हणून सदर बंद झालं. तुला कुणी हाकललं नव्हतं, तूच थांबलास. चुकीचं आहे हे कळल्यावर तुला ते लिहवेना.

खोटं लिहिलं नाहीस, हे मान्य. पण खरं लिहायला काय झालं होतं? दोन ओळी! ‘मास्तर बरोबर होता.’ वडगावाहून निपाणीला एसटीनं यायला असा कितीसा वेळ लागतो? तू पितळेला कुंकू लावलंस, अण्णा. मला निरोप धाडला नाहीस. हत्याराला हात जोडलेस आणि ज्यानं ते करून आणलं त्याला दारातून परत जाऊ दिलंस. पूजा सोपी असते, म्हणून आमच्या माणसांनी ती सोडली.

मी पिवळं लेबल लावलं. तुझ्या शेडात मी ते शंभरदा तरी ऐकलं असेल, पण सरळ असं हे पहिल्यांदाच. तो पोरगा स्वच्छ गातो रे. जरा भित्रा आहे, दुसऱ्या कडव्यात धाप लागते. पण सुरात आहे. शिवाय मी उतरवलेला एक शब्द चुकला होता, तो आता नीट कळला. तुला तो शब्द चुकल्याचं कळणं शक्यच नव्हतं. तू एकटाच शब्दांवाचून हे ऐकत बसला असशील, ह्या विचारानं मला जो राग आला, तो तू अपमान केलास तेव्हाही आला नव्हता. आपण दोघांनी ऐकायचं होतं ते! एवढी वर्षं आपण दोघांनी!

तेव्हा आता ऐक. तुला माफ केलेलं नाही. करेन असं वाटतही नाही. त्या साप्ताहिकाला मी पिवळ्या लेबलाचं नवं परीक्षण पाठवतोय, माझ्या नावानं. डोल कुठून आला होता ते त्यात लिहिलंय, गट्टू कुणी कोरला ते लिहिलंय, वखारीतल्या धुळीबद्दल तू काय म्हणालास तेही लिहिलंय. कांड्या चार दिल्यात. एक तुझी कापली.

आणि एक शब्द देतो. ह्या तबकड्या मी विकणार नाही. अमावस्येला माझ्या घरात वाजतील, ह्याच पितळी गट्टूवर. मी त्याला हळदकुंकू वाहणार नाही, ते तुला माहीत आहे. पण तुझं पुसणारही नाही.

तुझा,
धुळकट कानांचा
मास्तर
निपाणी