पहिलं पाणी जमिनीला

२ डिसेंबर (दिवस ११)

मेथी पिवळी पडली. कडेकडेने. बघून गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला लिहू.

निकुंभ सरांनी (यापुढे नुसतं नि., पूर्ण नावावर शाई कशाला घालवू) भिंगातून पानं बघितली. "खत वाढवा." वाढवलं. मी कोण सांगणारी? तो वसाहतप्रमुख, मी लागवड सहायक. तोंडावर 'सर', इथे 'तो'.

ही सरावाची वसाहत. बाहेर नियमाप्रमाणे परका ग्रह आहे. हवा नाही, पाणी नाही, चौघांनी नव्वद दिवस दार उघडायचं नाही. खिडकीतून सोनगीरचा किल्ला दिसतो, पण तो तिथे नाही असं धरायचं. सागर काल बोलून गेला, "हायवेला ट्रकांची रांग लागलीय," तर नि.ने त्याला सगळ्यांसमोर झापलं. परक्या ग्रहावर ट्रक नसतात म्हणे.

५ डिसेंबर (दिवस १४)

नि.च्या टेबलावर माझी वही दिसली. निळी, कोपरा उंदराने खाल्लेली. पहिल्या पानावर, माझं नाव होतं तिथे, कागद चिकटवलाय.

अमळनेरच्या कॉलेजात मी प्रयोगशाळेत मदतनीस, हा नवा लेक्चरर. खारट मुरमात मेथी उगवून दाखवली ती मी, चार वर्षं बादल्या मांडून. "अक्का, दोन दिन वही दे." ते दोन दिवस अजून सरले नाहीत. त्याच वहीवर डॉक्टरेट, शाल-श्रीफळ, आणि आता ही वसाहत. त्याच्या पेपरात शेवटी एक ओळ आहे, प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यांचे आभार. त्याला वाटतं मला इंग्रजी वाचता येत नाही.

मी इथे अर्ज कशासाठी केला, ते त्याने अजून विचारलेलं नाही.

८ डिसेंबर (दिवस १७)

वहीत एक गोष्ट नाही. मुद्दाम गाळली नव्हती. ती लिहायची असते हेच सुचलं नाही. भाकरीच्या आधी हात धुवा, असं कोणी लिहून ठेवतं का?

आजोबा पांझराकाठी पाटकरी होते. बंधाऱ्याचं पाणी कुणाच्या शेतात कधी सोडायचं ते त्यांच्या हातात. खारवट तुकडा आला की म्हणायचे, "पहिलं पानी जमीनले, दुसरं बी जमीनले, मंग पिकले." पेरायच्या आधी दोनदा पाणी तुंबवायचं, खार उतरला की ते काढून टाकायचं. आमच्या घरात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. कॉलेजात बादल्यांतला मुरूम मी तसाच धुवायची, सकाळी, हा यायच्या आधी. त्याने बघितल्या त्या धुतलेल्या बादल्या.

इथल्या मातीत तर खार मुद्दाम कालवलाय, त्या ग्रहासारखा. आणि हा पाणी वाचवतो म्हणून कोरडीतच पेरतोय. पेर बाबा, पेर.

१५ डिसेंबर (दिवस २४)

दुसरी पेरणीही गेली. भाजी नाही तर सुकी पाकिटं पुरवून खायची, असा नियम. आजपासून अर्धं जेवण.

सागर पाचोऱ्याचा, यंत्रं सांभाळतो. दिवसभर भरताच्या गोष्टी. काड्यांवर भाजलेली वांगी, त्यावर कांद्याची पात… म्हटलं, गप रे मेल्या. रोशनी आमची डॉक्टर, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरची. सगळ्यांची वजनं घेते, स्वतःचं सांगत नाही.

साठाव्या दिवशी वसाहतीला पैसे देणारी कमिटी कॅमेऱ्यावर पीक बघणार. हिरवं दिसलं नाही तर वसाहत बंद. करपलेल्या ट्रेसमोर नि. उभा, तोंड उतरलेलं. हे चित्र मी रोज जेवताना डोळ्यांपुढे आणते. अर्ध्या जेवणात पोट भरतं.

२७ डिसेंबर (दिवस ३६)

नि.ने बाहेर निरोप धाडला, आधी आम्हाला वाचून दाखवला. 'मूळ पद्धतीतच दोष असण्याची शक्यता.'

डोकं सणकलं. शाल घेताना पद्धत याची, आणि आता दोष पद्धतीत! हा बुडाला की माझी चार वर्षंही बुडणार. आणि सांगितलं तर उगवेल, ते याच्या नावाने. इकडे आड, तिकडे विहीर.

माझ्या आंघोळीच्या वाटणीचं पाणी वापरून एका ट्रेमधली माती दोनदा धुतली. निघालेलं खारट पाणी सागरच्या यंत्रात ओतलं, ते उकळून पुन्हा गोडं होतं. मेथी पेरून ट्रे माझ्या खोलीत, वाचायच्या दिव्याखाली.

२ जाने. (दिवस ४२)

उगवली. हिरवीगार. आजोबा, बघताय ना?

९ जाने. (दिवस ४९)

रोशनी गोळ्या द्यायला आली आणि ट्रे बघितला.

"अक्का, तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?"

"हो."

"सागरचं वजन सात किलो उतरलंय. भांडण तुमचं सरांशी ना? मग आमच्या ताटातून कशाला वसूल करता?"

  लाज वाटली. राग मात्र होता तेवढाच आहे.

१० जाने. (दिवस ५०)

दोघांना सगळं सांगितलं. नि.ला नाही. तो व्यायामाला गेला की आम्ही तिघं ट्रे धुऊन पुन्हा पेरतो.

१७ जाने. (दिवस ५७)

बाराच्या बारा ट्रे हिरवे. दुपारी मेथीची पानं, मीठ, भाकरीची भुकटी. सागर जेवताना रडला, वर म्हणतो मिरची लागली. मिरची कुठून आणली होती रे?

नि. हात पाठीमागे बांधून ट्रेंसमोर फिरत होता. "बघा, मी म्हटलं नव्हतं? खत वाढवलं म्हणून."

अमळनेरचंच पुन्हा: मी परत सकाळी बादल्या धुतल्या आणि हा परत नंतर आला. रोशनीने माझा हात धरला नसता तर ट्रे त्याच्या डोक्यात घातला असता.

१९ जाने. (दिवस ५९)

कमिटीचा निरोप. एक दिवस आधीच कॅमेऱ्यावर पीक बघितलं, खूश, वसाहत चालू राहणार. पण उद्या अकराला नि.ने कॅमेऱ्यासमोर कोऱ्या मातीत नवा ट्रे पेरायचा. पुढचे दहा दिवस कॅमेरा त्या ट्रेवरून हलणार नाही. उगवलं की पद्धत त्याच्या नावाने लागणार, कायमची.

म्हणजे उद्या धुवायला कोणी नाही. चहा पिताना हसू आवरत नव्हतं.

२० जाने. (दिवस ६०)

सकाळी दहा. नि. आला. हातात निळी वही. तीन दिवसांपूर्वी त्याने गुपचूप एका कुंडीत खत घालून पेरलं होतं, सागरने बघितलं; तेही कोंब आधीसारखेच करपले. डॉक्टरेट मिळाल्यापासून हा माणूस माझ्याशी पुस्तकातलं मराठी बोलतो. आज खाली बसला, आमच्या अहिराणीत बोलला.

"अक्का, वहीमा काही राही गयं का? माले सांग."

"राही गयं ना. मन्हं नाव."

त्याने वहीचा उंदराने खाल्लेला कोपरा अंगठ्याने दाबला. मग म्हणाला, "आता कसं सांगू? एवढ्या वर्षांनी?"

"माझं नाव तुझ्या हाताने लिही. कॅमेऱ्यासमोर. मग राहिलेलं मी सांगते."

वरचा कागद मी नखाने काढला. खाली माझं अक्षर पुसट झालंय, वाचता येत नाही. वही टेबलावर उघडी ठेवली, पेन त्याच्या हातात दिलं.

अकराला दहा कमी. कॅमेऱ्याचा दिवा लागलाय. कोऱ्या मातीचा ट्रे मधे, शेजारी पाण्याचा कॅन. सागर आणि रोशनी माझ्यामागे उभे आहेत. नि. वहीकडे बघतोय, पेनचं टोपण अजून काढलेलं नाही.