पाच मिनिटांचा नळ

१२ मार्च, सकाळी नऊ

चि. टिकू यास अ. उ. आ.

आज, १२ मार्च रोजी, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी माझ्या दोन्ही डोळ्यांत साबण होता आणि नळात पाणी नव्हतं. हे लिहून कळवते आहे, कारण तुला ऐकू येत नाही. येत असतं तरी लिहिलंच असतं. बोललेलं तू सोयीने विसरतोस. शिवाय जिन्यावरून ओरडू नये, हे मला कॉन्व्हेंटमध्ये छड्या मारून शिकवलं आहे.

चाचपडत गॅलरीत आले, तर खाली मुख्य कॉक बंद करून तू आणि पाणीखात्याचा तो माणूस घड्याळाकडे बघत उभे. मीटर बसवण्याआधी गळती तपासावी लागते, असं तो मलाच वर मान करून समजावत होता. कोणाला विचारून मीटर? आजवर आपलं पाण्याचं बिल खोल्या मोजून आलं आणि खाली तू, वर मी, कोणी कोणाचा तांब्या मोजला नाही.

मी चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होते. सकाळी सहाला उठून कोपरापर्यंत हात धुते, पाच मिनिटं, नळ चालू ठेवून. निवृत्त मी झाले, माझे हात नाही झाले. त्या पाच मिनिटांवर काटा बसवायचा आणि तू तो रोज भिंग लावून वाचायचा, हे होणार नाही.

दोरीने टोपली खाली सोडते आहे. तिच्यात उत्तर ठेव. मागच्यासारखे उसवलेले मोजे नकोत.

तुझी ताई

—

१२ मार्च, संध्याकाळ

ती. ताईस सा. न. वि. वि.

साबणाबद्दल माफी. तुझी आंघोळ साडेसातला असते असं मी धरून चाललो होतो. तू वीस मिनिटं पुढे गेलीस, याची नोंद केली आहे.

आता मुद्दा. घरात माणसं दोन आणि खोल्या सात. त्यांतल्या चार खोल्यांत फक्त ट्रंका राहतात. ट्रंका आंघोळ करत नाहीत, तरी त्यांचं पाणी आपण भरतो. मीटर लावला तर जेवढं वापरू तेवढंच भरायचं. मात्र एकदा लावला की परत जुन्या पद्धतीवर येता येत नाही. घर दोघांच्या नावावर, म्हणून फॉर्मवर दोघांच्या सह्या लागतात आणि तो वीस तारखेच्या आत द्यायचा आहे. माझी सही केली आहे.

तुझ्या पाच मिनिटांत साठ लिटर जातात, असं तो माणूस म्हणाला. तेवढ्यात एका माणसाची आंघोळ होऊन कपडेही धुऊन निघतात, असंही म्हणाला. मी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, आकडा खोटा आहे असं मला म्हणवेना. पण त्याला चहा विचारला नाही.

मोजे चुकून आले होते, पण शिवून मिळाले तर बरं.

तुझा टिकू

—

१३ मार्च, दुपार

चि. टिकू यास अ. उ. आ.

साठ लिटर. म्हणजे मी म्हैस आहे, असं एका परक्या माणसाने आपल्या अंगणात उभं राहून सांगितलं आणि तू ते वर पाठवलंस.

ठीक आहे. उद्यापासून मला सहा लिटरसुद्धा लागणार नाहीत. ते सिद्ध झालं की मोजण्यासारखं काही उरत नाही, मग मीटर कशाला? फॉर्मवर सही करणार नाही. माझ्याशी पत्रव्यवहारही नको. मोजे शिवले आहेत, पण देणार नाही.

ताई

—

१४ मार्च, सकाळी आठ

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझ्या मोडलेल्या दाराचा खर्च मी भरून देईन. सुताराला निरोप धाडला आहे.

मी पहारीसकट आत पडल्यावर तू जे बोललीस ते मला ऐकू आलं नाही, कानातलं यंत्र खालीच राहिलं होतं. तोंडाच्या हालचालीवरून मात्र ते कॉन्व्हेंटमध्ये शिकवलेलं नसावं. त्याआधी आतून तीनदा ओरडून ‘मी जिवंत आहे’ असं सांगितल्याचं तू मग कागदावर लिहून दाखवलंस. सांगितलं असशील. मी दार बडवत होतो.

आता कारण सांगतो, म्हणजे मला वेड लागलंय असं तू वाण्याला सांगणार नाहीस. तुझ्या नळाचा पाइप माझ्या खोलीच्या भिंतीवरून खाली येतो आणि माझ्या लोखंडी पलंगाचा कठडा त्याला टेकलेला आहे. तू नळ सोडलास की पलंग थरथरतो. आमची ही गेल्यापासून, म्हणजे नऊ वर्षं, घड्याळजी असून मी गजर लावलेला नाही. लावून ऐकणार कोण? पलंग हलला की कळतं ताई उठली, मग मीही जागा होतो. पाच मिनिटं हात पाइपवर ठेवून पडून राहतो.

आज सहा वाजले, सहा दहा झाले, पलंग गप्प. तू कालच बादल्या भरून ठेवून मगाने हात धूत बसली असशील, हे मला सुचलं नाही. पहारच सुचली.

मीटर नको. फॉर्मवरची माझी सही खोडून तो सोबत पाठवतो आहे. तू नळ सोड.

टिकू

—

१४ मार्च, दुपारी चार

चि. टिकू यास अ. उ. आ.

फॉर्म परत पाठवते आहे. खोडलेल्या सहीच्या वर मी सही केली आहे, खाली तू नव्याने कर, सरळ रेषेत. मीटर बसेल. ट्रंकांचं पाणी भरणं बंद करू आणि वाचतील ते साठ लिटर मी राजरोस सांडेन. त्या माणसाने पुन्हा विचारलं तर तो वापर आहे म्हणून सांग. कसला, ते त्याला सांगायचं कारण नाही.

आता माझी तक्रार. नऊ वर्षं तुला वरची खबर रोज मिळते आहे. मला खालची कशी मिळायची? मी नळाखाली हात धरून उभी असते आणि खाली माणूस आहे की नुसता पलंग, याचा मला पत्ता नसतो. आणि हे तू मला नऊ वर्षांत एकदाही सांगितलं नाहीस.

तेव्हा उद्यापासून पलंग थरथरला की तुझ्या त्या बारक्या हातोडीने पाइपवर दोन ठोके द्यायचे. मला चांगलं ऐकू येतं. ठोके आल्याशिवाय नळ बंद होणार नाही, मग मीटर कितीही फिरो.

हे मान्य असल्याचं लेखी उत्तर उद्या, १५ मार्च, सकाळी सहाच्या आत टोपलीत हवं. न आल्यास नळ उघडणार नाही. मग तुला वर यावं लागेल आणि सुताराने आज जाड बिजागऱ्या बसवल्या आहेत.

यंत्र कानात घालून ये. मोजे टोपलीत आहेत.

तुझी ताई