ओडीलच्या बागेतली द्राक्षं

फ्रायबुर्ग, ५ ऑक्टोबर १९६१
घरमालकीण फ्राउ हेर्मान सकाळी पत्र घेऊन वर आल्या. ऱ्हाईनपलीकडे, फ्रान्सच्या आल्सासमध्ये त्यांची बहीण ओडील राहते. तिचा हात मोडलाय आणि द्राक्षतोडणी तोंडावर — गावच्या पाद्र्यानं कळवलंय. "मालिनी, तू चल. एकटीनं त्या दारात उभं राहवणार नाही."
ह्यांना विचारलं. थिसिसमधून मान वर न काढता म्हणाले, "जा की. मी जेवीन मेन्सामध्ये, विद्यापीठाच्या खानावळीत."

८ ऑक्टोबर
गाडीत फ्राउ हेर्माननी सगळं सांगितलं. गेल्या महायुद्धात आल्सास जर्मनांच्या ताब्यात होतं, तेव्हा त्यांनी एका जर्मन अंमलदाराशी लग्न केलं. ते आता हयात नाहीत. त्याच जर्मनांनी ओडीलच्या नवऱ्याला जबरदस्तीनं फौजेत नेलं. तो रशियाच्या आघाडीवरून परत आलाच नाही. तेव्हापासून बहिणी बोललेल्या नाहीत.
ओडीलनं दार उघडलं. बहिणीकडे पाहिलंही नाही. मला म्हणाली, "आत ये. गारठशील."

९ ऑक्टोबर
धुकं. वेलींच्या रांगांतून चालताना आपण जागे आहोत की नाही, कळेना. दहाच्या सुमारास ऊन आलं नि सगळी टेकडी पिवळीजर्द.
ओडील हात गळ्यात बांधून फिरते, मला एकेक द्राक्ष चाखवते. रीसलिंग — बारीक, हिरवट, आंबूस; सगळ्यांत उशिरा पिकणारं. गेवुर्ट्सट्रामिनर गुलाबी, तोंडात चक्क गुलाबाचा वास! सिल्व्हानर साधं, रोजच्या जेवणातल्या वाइनचं. "तो व्होज डोंगर पाऊस अडवतो, म्हणून ही निवांत पिकतात," म्हणाली. मी आमच्या नाशिकच्या भोकरी द्राक्षांचं सांगितलं. भोकरी, भोकरी — बराच वेळ पुटपुटत होती.

१० ऑक्टोबर
एका रांगेत तिघी. दोघींची बोली एकच, तरी मध्ये मी.
"तिला सांग, ही वेल आईनं लावलेली," ओडील म्हणायची.
"तिला सांग, मला आठवतंय. पाणी मी घालायचे."
सांगत राहिले.

१२ ऑक्टोबर
"घड फार खालून धरतेस," ओडील म्हणाली. मला वाटलं, मलाच. कात्री थांबवली. ती बहिणीकडे बघत होती.

१५ ऑक्टोबर
फ्रायबुर्गला एकटीच परत आले. निघताना तिथल्या स्टेशनवर फ्राउ हेर्माननी फ्रायबुर्गच्या घराच्या किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या. "खालच्या माझ्या खोल्याही तुम्ही दोघंच वापरा. ओडील मला म्हणाली, इथंच राहा."