काळ्या मातीचा रंग

२५ ऑक्टोबर, शनिवार
हळद पाण्यात विरघळत नाही, नुसती तरंगते. म्हणून आधी डिंकाचे पाणी: एक चमचा डिंक, चार चमचे कोमट पाणी, दोन तास मुरवायचे. मग हळद. कागदावर पहिला फटकारा मारला आणि — तुरीचे फूल! अगदी तेच पिवळे! अकरावीला रसायनशास्त्र शिकवताना इतका आनंद क्वचितच झाला असेल. दिवाळीच्या सुट्टीचा विषय ठरला: अल्लीपूरचे आमचे शेत, सगळे रंग स्वयंपाकघरातले.

२६ ऑक्टोबर
फुटलेल्या कापसाला वाटलेली खसखस. पानांना कढीपत्त्याची पूड. मावळतीला तिखट. राहिली काळी माती — तिला एकच गोष्ट शोभेल, सासूबाईंचा काळा मसाला. पण त्याची कृती त्यांनी कुणालाच सांगितलेली नाही. एकुलत्या लेकीलाही नाही! नलूताईच्या लग्नाला एकवीस वर्षे झाली. दर भाऊबीजेला हाच विषय. गुरुवारी निघताना ती दारातच म्हणाली, "सुनेले देशीन, मले नाई. ठेव मंग उराशी." मसाल्याचा डबा ओट्यावर तसाच ठेवून गेली. मलाही कृती ठाऊक नाही, हे तिला पटणार कसे? सासूबाई तेव्हापासून जेवणापुरत्याच बोलतात.

२७ ऑक्टोबर
अशा वेळी त्यांच्याकडे मसाला मागायचा धीर झाला नाही; नलूताईने ठेवून दिलेल्या डब्यालाही हात लाववेना. स्वतःच केला. धने, सुके खोबरे, दगडफूल, मसाला वेलची, लवंग — प्रत्येक जिन्नस वेगळा भाजून, काट्यावर तोलून, कुटून. खोबऱ्याच्या तेलाचा कागदावर हा एवढा डाग! (निष्कर्ष: भाजलेले खोबरे कागदात दाबून तेल टिपावे, मगच कुटावे.) रंगही करडाच उतरला.
सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी माझ्या ओल्या शेतात बोट बुडवले — आणि चाटले!
"दगडफूल कमी हाये. मातीले वासच नाई."

२९ ऑक्टोबर
दगडफूल एक ग्रॅम वाढवले. रंग खरोखरच गडद झाला! पुन्हा बोट, पुन्हा जीभ. आता धने कच्चे राहिले म्हणे. ते भाजले, तर लवंग चढली. माझा नवरा धनंजय म्हणाला, यंदा आईच सगळे शेत खाऊन टाकणार. त्या हसल्या — भाऊबीजेनंतर पहिल्यांदा. प्रत्येक दुरुस्ती वजनासह वहीत टिपली आहे.

३० ऑक्टोबर
नमुने सहा ते नऊ. नापास.

१ नोव्हेंबर, शनिवार
अकरावा नमुना. त्यांनी डोळे मिटून चाखला. पुन्हा एकदा चाखला. "हेच."
रंगही तोच — पहिल्या नांगरटीनंतरचा, ओलसर काळा! मी उडीच मारली. मग वहीकडे लक्ष गेले. अकराव्या नमुन्याखाली त्यांच्या मसाल्याची पूर्ण कृती, ग्रॅममध्ये! नकळत चोरी केल्यासारखे वाटले. वही त्यांच्यापुढे ठेवली आणि स्पष्ट सांगितले — तुमचा मसाला यात उतरला आहे. नको असेल तर पान फाडते.
त्यांनी एकेका आकड्यावरून बोट फिरवले.
"काऊन फाडतं? मले तं हे कधी सांगताच आलं नाई. मायजवळ बसून चाखत गेली, तशी शिकली. नलू वही घेऊन बसे, किती घालू म्हणे. किती, हे मले काय ठाऊक! कमी काय हाये, तेवढंच समजते. शिकलेल्या पोरीपुढं लाज वाटे. म्हणून म्हणो, नाई सांगत."
एकवीस वर्षे!

२ नोव्हेंबर
पानाचा फोटो नलूताईला पाठवू का, विचारले. नको म्हणाल्या, फोन लावून मागितला. पूर्ण झालेले चित्र समोर भिंतीवर टांगलेले होते. त्याकडे पाहत त्या म्हणाल्या, "नलू, दोन दिवस येजो ना. इथं मातीचा रंग जमून नाई राह्यला."