सरखेल, सिद्दी आणि आम्ही दोघे

९ जानेवारी, श्रीवर्धन
दुपारी हुसेन आला. वाडीत सुपाऱ्या वाळत घातल्यात, तिथंच खुर्च्या टाकल्या. रविवारी वाचनालयात आमचं दोघांचं भाषण, त्याची तालीम. जन्म जहाजावर गेला याचा, आवाज अजून वाऱ्याशी भांडणारा. नियम नेहमीचाच: त्यानं मराठी आरमाराच्या सरखेलांची बाजू घ्यायची, मी जंजिऱ्याच्या सिद्दीची. "आपल्या माणसाची वकिली कुणीपण करेल रे," हे त्याचं. आज भारी बोलला. सरखेल इंग्रज-पोर्तुगीज दोघांना पुरून उरले, म्हणे. मी म्हटलं, पण त्यांच्या मागं त्यांची पोरं भांडली. सिद्दी हबसाणातून, पार आफ्रिकेतून परका आला नि सरदार झाला. गादीवर लायक माणूस बसवायची त्यांची रीत, म्हणून किल्ला टिकला. "पोरं भांडायचीच. तुझी काय वेगळी आहेत?" हसून त्यालाच ठसका लागला.

१२ जानेवारी
वाट लावली मी.
हॉल भरलेला. पुढच्या रांगेत सगळे फेटे बांधून. आधी मी बोलायचं, सिद्दीवर. उभा राहिलो, फेटे बघितले, नि तोंडातून सरखेलच निघाले. टाळ्या. मग थांबवेना. हुसेननं तयार केलेलं सगळं मीच बोलून टाकलं. त्याला सिद्दीशिवाय काही उरलंच नाही. उठला, चार वाक्यं कशीबशी बोलला. मागून कुणीतरी, "चाचा, तुमचा माणूस तुम्हालाच प्यारा!" सगळे हसले. मी पण हसलो. शी!

१३ जानेवारी
रस्त्यात लोक हात मिळवतात. "सर, मजा आणलीत." हुसेन फोन उचलत नाही. ही म्हणते, "फोन कसले करता? पाय मोडलेत का?"

१७ जानेवारी
गेलो नाही. काय तोंड घेऊन जाऊ? सरखेल काय, सिद्दी काय, दोघांनी जन्मभर तोफांना तोंड दिलं. मी चार टाळ्यांपुढे ढेपाळलो. फार चुकलं.

२० जानेवारी
गेलो शेवटी. हुसेन दारातच होता. "या सर, बसा." शाळेपासूनचं अरे-तुरे, आणि आज सर. शमीमभाभींनी चहा ठेवला. म्हटलं, "हुसेन, चुकलो रे. सिद्दीवर बोलायचं राहिलंय माझं. ऐकतोस?"
"तुमचं जे आहे ते त्या दिवशी ऐकलं, सर."
रागानं बोलला असता तर बरं झालं असतं. निघताना "येतो" म्हटलं. भाभी म्हणाल्या, "या." तो टीव्हीकडे बघत राहिला.