सत्काराच्या शाली

११ जुलै, शुक्रवार

सकाळी भाज्याहून ताराबाईंचा फोन. त्यांना दिलेलं पिल्लू, चिमी, कालपासून खात नाही, पहाटे दोनदा ओकली. म्हटलं, जागा बदलली की होतं असं. दहाला पुन्हा फोन. "भाऊ, रगात पडतंया. तुमी या."

गेलो. उंबऱ्यातच वास आला. जूनमध्ये काळू, आधीचं पिल्लू, माझ्या घरी ह्याच वासात गेला. तरी लोणावळ्याला डॉक्टरांकडे नेली. तपासणीच्या पट्टीवर दोन रेषा. पार्व्हो, पिल्लांचा जीवघेणा संसर्ग.

रविवारीच तर दिली होती. देवळाच्या पारावर चार पिल्लं, चार घरं. भटकी कुत्री पकडून घाटात सोडायची भाषा करणारं गाव, आणि मी पाऊण तास बोललो तेव्हा चार माणसं उठून पुढे आली. प्रत्येक पिल्लाला माझ्या सत्कारातली एकेक शाल पांघरली, नाव पुकारलं, मग हातात दिलं. युनियनच्या तीस वर्षांत मिळालेल्या शालींची ट्रंक भरली आहे. लोक आधी हसले, मग टाळ्या.

चिमीला शालीसकट घरी आणलं. सलाइन आता मीच लावतो. अडीच महिन्यांचा जीव, पायात शीर सापडत नाही. घरात दोन हजार पुस्तकं, ह्या आजारावर एक पान नाही.

१२ जुलै, शनिवार

सुनंदाच्या घरचा मोती सकाळी गेला. माणसं लावणीवर, घरात तिची मुलगी स्वरा एकटी. आठ वर्षांची. मांडीवरच गेला म्हणे. पोपटरावच्या टपरीवरचं पिल्लूही ओकतंय. सहा दिवसांत तीन घरं.

न.ला कळवलं. नफीसा कामशेतला दुकान सांभाळून बेवारस कुत्र्या-मांजरांची शेड चालवते, एकटीच. ही चारही पिल्लं तिच्याकडची. तिनं पहिला प्रश्न विचारला: "काळूची अंथरुणं जाळली होती ना?"

म्हटलं, हो.

(धुतली होती. गरम पाण्यात. तेच ते.)

१३ जुलै, रविवार

पोपटरावचं पिल्लू गेलं. दुपारी पारावर माणसं जमली होती. पोपटराव म्हणाला, आजारी माल गळ्यात मारला त्या शेडनं. दोघांनी री ओढली. न. तिथे नव्हती. तिच्या बाजूनं बोलणारा मीच होतो.

उभा राहिलो आणि काय बोललो ते शब्दन् शब्द आठवतं, कारण आवाज चढला होता. "दोष कुणाचा ते मी शोधून काढीन, आणि ह्याच पारावर त्याचं नाव घेईन." माना डोलल्या.

घरी येताना बरं वाटत होतं. हे लिहून ठेवतो. बरं वाटत होतं.

चिमीचा ताप उतरला. डॉ. म्हणाले, ही चांगली खूण नाही, अंग थंड पडतंय. गरम पाण्याच्या बाटल्या दोन बाजूंना लावल्या. तिनं एकदा डोळा उघडून बघितलं. मला की बाटलीला, कळलं नाही.

१४ जुलै, सोमवार

माझं वाक्य माझ्या आधी कामशेतला पोचलं. शेडच्या मालकानं न.ला सांगितलं, भाऊंनाच जर शंका आहे तर मी कशाला जोखीम घेऊ, रविवारपर्यंत जागा मोकळी करा. एकोणीस कुत्री, सहा मांजरं. ह्या पावसात कुठे नेणार?

तिनं फोनवर एवढंच म्हटलं: "तुम्ही शोधणार म्हणे. मग शोधा की."

डॉक्टरांना घेऊन शेडवर गेलो. चिमीची दोन भावंडं अजून तिथेच आहेत. दोघांची पट्टीवर तपासणी केली. एकच रेषा. आजार नाही. एकानं माझ्या चपलेचा पट्टा चावून तोडला. फरशी ब्लीचनं धुतलेली, डोळे चुरचुरतात. न. कोपऱ्यात उभी राहून नुसती बघत होती.

मग आलं कुठून? गावचं पाणी? की शनिवार-रविवारी लेण्यांकडे कुत्री घेऊन येणारी शहरातली मंडळी, गाड्यांचे दरवाजे उघडून घाण करून जाणारी? ह्यावर बोलायला हवं. पानभर मुद्दे काढले. मुद्दे चांगले आहेत. आयुष्यभर दोष वरच्यांना दिला, आणि बहुतेक वेळा बरोबरच होतो.

१५ जुलै, मंगळवार

बबनआबांकडे गेलो. चौथं घर. पिल्लू टुणटुणीत, ओसरीवर पोत्यात बसून खोडकं चावत होतं. आबा नुकतेच खाचरातून आलेले, गुडघ्यापर्यंत चिखल, पायरीवर चहा घेत होते. अंगावर माझी शाल. मरून रंगाची, जरीच्या काठाची.

म्हटलं, आबा, ही पिल्लाला दिली होती ना.

"त्याला काय करायचीय? त्याला केसं हायती. पाठ माझी धरलीया." चहाचा घोट घेतला. "तुमी येवढं बोलला, म्या समदं बसून ऐकलं. त्याचं काय तरी मिळाया नगो?"

सून आतून हसली. मीही हसलो. हसता हसताच पायरीवर बसलो.

तीन पिल्लं शालीत निजली. चौथं पोत्यात.

काळू आजारी होता तेव्हा अंगाखाली ह्याच चार शाली आलटूनपालटून होत्या. मऊ म्हणून. न. तेव्हाच म्हणाली होती, जाळून टाका सगळं. गोधडी जाळली, पोतं जाळलं. शाली जाळवल्या नाहीत. मरून रंगाची ती संपाच्या वर्षी कारखान्याच्या गेटवर मला घातलेली. साबण लावला, गरम पाण्यातून काढल्या, ऊन नव्हतं म्हणून पंख्याखाली वाळवल्या, घडी करून ट्रंकेत. आणि रविवारी सगळ्यात वरच्या चार उचलल्या.

डॉक्टरांना फोन केला. असं धुतल्यावर जातो का तो आजार? नाही, म्हणाले, कापडात महिनोन् महिने टिकतो. कोण विचारतंय? म्हटलं, सहज.

अजूनही सहज म्हणालो.

१६ जुलै, बुधवार

चिमीखालची शाल मागच्या पडवीत जाळली. ओल्या हवेत जळेना, धुमसत राहिली. मग कामशेत.

न. मांजराला औषध पाजत होती. मी सांगून टाकलं. तिनं औषध पुरं पाजलं, मांजराचं तोंड पुसलं, पिंजऱ्याची कडी लावली.

"मी तुम्हाला विचारलं होतं."

त्याआधी एकदा सांगितलंही होतं.

म्हटलं, रविवारी पारावर उभा राहतो आणि माझं नाव घेतो. शब्द दिलाय गावाला. खरं तर येताना रिक्षातच भाषण तयार झालं होतं. सुरुवात कुठून करायची, कुठे थांबायचं, सगळं.

"नको," न. म्हणाली. "तुम्ही कबुली दिलीत तरी टाळ्या पडतील, भाऊ. काय मोठं मन म्हणतील. माझी शेड कुणाच्या लक्षातसुद्धा राहायची नाही." मग, "चार दारं आहेत. एकेकाच्या दारात जा. बसू नका, चहा घेऊ नका. तीन वाक्यांत सांगा. आणि शाली परत आणा, त्या घरांत उद्या दुसरं कुत्रं येईल."

विचारलं, चौथं वाक्य लागलं तर?

"नाही लागणार."

१७ जुलै, गुरुवार

गेलो नाही. चिमीला सोडून जाता येत नाही, हे कारण. खरंही आहे. सलाइन दोनदा निघालं.

तीन वाक्यं लिहिली. शाली माझ्या होत्या. त्यांच्यावर आधी एक पिल्लू ह्याच आजारानं मेलं होतं. शेडचा दोष नाही, माझा आहे.

मोठ्यानं म्हणून बघितली. एका दमात संपतात. कुठे थांबायचं कळत नाही.

१८ जुलै, शुक्रवार. भाजे, पारावर

चिमीनं सकाळी दोन चमचे पाणी घेतलं आणि ओकली नाही. मागच्या पायांत जोर नाही. दुपारपुरती डॉक्टरांच्या दवाखान्यात ठेवून आलो.

ताराबाईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, दोष बिष काही विचारलं नाही. "मंग चिमी वाचंल का?" म्हटलं, माहीत नाही. हे चौथं वाक्य झालं.

पोपटरावनं हातातला झारा खाली ठेवला. "चार मान्सांत मला खोटं पाडलं तुमी." मग बराच वेळ तापला. ऐकलं. शाल पिल्लाबरोबर पुरली म्हणे. शेडच्या मालकाला एक फोन कर, एवढं मागितलं. "बघतू," म्हणाला. बघतो म्हणजे काय, विचारलं नाही.

आबांनी शाल काढून दिली. "जाळा. पर दुसरी द्या. पाठ हाय तशीच हाय."

मग सुनंदाचं घर. कडी वाजवली. आतून स्वराचा आवाज, "कोन हाय?"

तीस वर्षं माझी ओळख दुसरंच कुणीतरी करून देत आलं. ज्यांना परिचयाची गरज नाही, असं म्हणून. मग टाळ्या, आणि मग मी. कोण हाय ह्या प्रश्नाला मला उत्तरच देता आलं नाही. तिनं पुन्हा विचारलं नाही. खिडकीतून दिसलं, निळी शाल खांद्यावर घेऊन ती वहीत काहीतरी लिहीत बसली. मोती जिच्यात गेला तीच. सुनंदा म्हणते, झोपतानाही सोडत नाही.

परत येऊन पारावर बसलो आहे. वाक्यं पुन्हा वाचली. पहिलंच चुकलंय. शाल माझी होती, हे तिच्या दारात खोटं आहे. ती मोतीची आहे.

दुसरं वाक्य सुचत नाही.

इथून दार दिसतं. मघाशी बंद होतं, आता उघडलंय. पायरीवर येऊन ती उभी आहे, शाल घेऊन, आणि इकडेच बघते आहे.